आजीची कोठी आणि अख्खा खांदा

मुलांनो, डोळे मिटा आणि स्टीलची एक मोठी कोठी डोळ्यांसमोर आणा. (डोळे मिटले तर पुढचं वाचणार कसं, हे आत्ता माझ्या लक्षात आलं. तेव्हा उघडेच ठेवा, पण मिटल्यासारखे.) कोठी म्हणजे धान्य ठेवायची. तुमच्या छातीपर्यंत उंच, गोल, चकचकीत, आणि वर असं घट्ट बसणारं झाकण की उघडताना 'फप्प' असा आवाज येतो. आता त्या कोठीतले गहू काढून टाका. कुठे काढायचे ते विचारू नका. आमच्या घरात ते दोन बादल्यांत, मोठ्या कुकरमध्ये, नातवंडांच्या जुन्या टबात आणि शेवटी माझ्या प्रवासाच्या बॅगेत गेले.

रिकाम्या कोठीच्या तळाशी एका लोखंडी कढईत लालबुंद निखारे ठेवा. निखाऱ्यांवर सुक्या लाकडाचे चार तुकडे. त्याच्या वर पाण्याचं एक ताट, ताटाच्या वर जाळी, आणि जाळीवर कोकराचा अख्खा खांदा, हाडासकट, मीठ-मिरी-लसूण चोळून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवलेला. आता झाकण लावा. फप्प.

दिसलं? बस्स, एवढंच यंत्र. बाकीची सगळी गोष्ट ते झाकण लावून ठेवण्याची आहे.

हे यंत्र मी का बनवलं, तर माझ्या नातीसाठी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती जेवतानासुद्धा खुर्चीवर गोल फिरते. भिंगरी एके दिवशी शाळेतून आली ती दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही सांगितलं होतं ना, ज्वाळा न लावता, नुसत्या निखाऱ्यांवर आणि धुरात अख्खा खांदा शिजतो? आणि इतका शिजतो की हाड हाताने ओढलं की आपोआप बाहेर येतं?"

"सांगितलं होतं."

"खरं सांगितलं होतं?"

मुलांनो, मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्याकडे बघून असा प्रश्न आजवर फक्त शाळा तपासनिसाने विचारला होता. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कोण म्हणतं खोटं?"

भिंगरीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील वकील आहेत, म्हणून वर्गात त्यालाच वकील म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. भिंगरीने हाडाची गोष्ट वर्गात सांगितल्यावर वकील उभा राहिला आणि म्हणाला, "पुरावा?" पुरावा नव्हता. तेव्हा वकिलाने जाहीर केलं की पुरावा मिळेपर्यंत हिला 'थापाडी' म्हणावं. आणि मुलं म्हणायला लागली. डब्याच्या सुट्टीत म्हणाली, पळापळीत म्हणाली, बसमध्ये तर चालीवर म्हणाली.

"मी रडले नाही," भिंगरी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बसमधून उतरेपर्यंत."

मी तिथल्या तिथे सांगितलं, "येत्या रविवारी दुपारी वकिलाला आणि सगळ्यांना जेवायला बोलाव. हाड तू स्वतः ओढशील."

हे वाक्य मी फार झोकात म्हटलं. मला ते अजूनही आवडतं. फक्त ते म्हणताना मी धुरावर खांदा सोडा, साधी पापडाएवढी वस्तूही कधी शिजवली नव्हती. मी ते वाचलं होतं. पण वाचलेलं आणि केलेलं यात जे अंतर असतं, ते चालून जाण्यालाच तर प्रयोग म्हणतात.

कोठी आजीची. म्हणजे माझ्या बायकोची, तिच्या आईने दिलेली. मी फार नाजूकपणे विषय काढला.

"अगं, आपली ती कोठी. तिचा तळ जरा जुना वाटतो नाही?"

"कोठीला हात लावायचा नाही," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. तिने वळूनही पाहिलं नाही.

मग भिंगरी आत गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण 'थापाडी' एवढा एक शब्द कानावर आला. थोड्या वेळाने बायको बाहेर आली आणि तिने गहू भरायला माझीच प्रवासाची बॅग ओढली.

"एवढा मोठा खांदा," ती बॅगेत गहू ओतत म्हणाली, "त्याला खांदा द्यायला किती माणसं बोलावलीत?"

आता कोठीला दोन भोकं पाडायची होती. खाली एक, हवा आत यायला. वर झाकणात एक, धूर बाहेर जायला. शिवाय झाकणात तापमापक खोचायला आणखी एक बारीक भोक. खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू दाखवली की ते आधी ती कोसळेल का हे बघतात. त्यांनी कोठी चारही बाजूंनी ठोकून पाहिली.

"मास्तर, पाया कच्चा आहे."

"साहेब, ही कोठी आहे."

"तेच म्हणतोय. कोठीचा पाया." त्यांनी ड्रिल आणलं, पण भोकं पाडण्याआधी त्यांनी गच्चीवर कोठीखाली ठेवायला विटांचं एक जोतं रचलं, त्या जोत्याची पातळी बुडबुड्याच्या पट्टीने तपासली, आणि मला उन्हात उभं करून वाऱ्याची दिशा बघायला लावली. मी बोट ओलं करून वर धरलं. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना वाटलं, मी त्यांनाच खूण करतोय. त्या खाली निघून गेल्या आणि चिमटे वरच विसरल्या.

जाता जाता इंजिनिअर म्हणाले, "लाकूड भिजवून घाला. ओल्या लाकडाचा धूर जास्त." मी मान डोलावली. हा सल्ला पुढे फार धूर काढणार होता.

गच्चीसाठी सोसायटीची परवानगी लागते, हे बायकोने आठवण करून दिलं. आमचे सेक्रेटरी फार काटेकोर. त्यांना लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तरी ते कोणत्या नियमात बसतं हे आधी पाहतात.

"गच्चीवर नक्की काय करणार?"

"प्रयोग."

"प्रयोगाची तरतूद नाही." त्यांनी बोटं मोडली. "कपडे वाळवणं, टाकी साफ करणं, आणि डासांसाठी धूर करणं. एवढंच."

"धूर चालतो?"

"डासांसाठी."

मी जरा विचार केला. "समजा, मी धूर केला आणि त्याने डासही पळाले, तर सोसायटीची हरकत आहे का?"

सेक्रेटरींनी छताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "डास पळाल्याला कुणाचीच हरकत नसते."

अशा रीतीने सोसायटीच्या दफ्तरी माझा खांदा डासांचा धूर म्हणून लागला. मी त्या चतुराईवर इतका खूश होतो की रविवारी लिफ्टशेजारी त्यांनी काय लावलं, ते मी वाचलंच नाही.

रविवार उजाडला. निखारे पेटले, जोतं सपाट होतं, खांदा जाळीवर चढला. भिजवलेलं लाकूड निखाऱ्यांवर पडलं मात्र, कोठीतून पांढराशुभ्र, जाड, गुदमरवणारा धूर निघाला. तो सरळ वर गेला नाही. समोरच्या इमारतीत गेला. तिथल्या कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला, आणि इकडे जिन्यावरून धाड धाड बूट वाजले.

हेल्मेट घातलेला एक धिप्पाड जवान वर आला. "आग कुठाय?"

"आग नाहीये," मी म्हणालो. "धूर आहे. या दोन्हींत फरक आहे. या ना, दाखवतो."

मुलांनो, माझा एक स्वभाव आहे. समोर विचारणारा माणूस उभा राहिला की माझे हात आपोआप खडू शोधतात. खडू नव्हता. म्हणून मी झाकण उचललं. फप्प. जवानाला निखारे दाखवले, ओल्या लाकडाचा धूर पांढरा आणि कडू का, सुक्या लाकडाचा पातळ आणि निळसर का, पाण्याचं ताट कशासाठी, सगळं समजावलं. ओलं लाकूड काढून सुकं घातलं. जवानाने हेल्मेट काढून काखेत धरलं आणि लक्ष देऊन ऐकलं. निघताना तो म्हणाला, "गुरुजी, वास चांगला येतोय," आणि समोरच्या इमारतीला हात करून 'काही नाही' अशी खूण केली. त्या क्षणी माझी छाती जी फुगली ती बनियनमधून दिसली असेल.

मग इंजिनिअर आले. त्यांना दाखवायला झाकण काढलं. सेक्रेटरी आले, डास खरोखर पळताहेत का ते बघायला. त्यांच्यासाठी काढलं. चिमटे विसरलेल्या बाई आल्या, त्यांना कालचा गैरसमज समजावून सांगताना ओघात काढलं. मधूनच आमची सूनबाई चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "बाबा, आत कसं दिसतं हो?" असं कुणी विचारल्यावर झाकण कसं ठेवायचं?

भिंगरी सगळा वेळ जोत्याजवळ स्टुलावर बसली होती. तिच्याकडे एकच काम दिलं होतं: तापमापकाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं. ती फिरत नव्हती. खुर्चीवर जेवताना फिरणारी मुलगी स्टुलावर पुतळ्यासारखी बसली होती, यावरून काय पणाला लागलं होतं ते ओळखा.

दुपार झाली. खाली मुलं आली. आणि बराच वेळ झाला तरी वर येईनात. भिंगरी कठड्यावरून वाकली आणि तिचा चेहरा पडला. ती खाली धावली आणि मी तिच्यामागे.

लिफ्टशेजारी मुलांचा घोळका, घोळक्यापुढे वकील, आणि वकिलापुढे भिंतीवर सेक्रेटरींची सूचना. वकील ती मोठ्याने वाचत होता: "'आज गच्चीवर डासांसाठी धूर करण्यात येत आहे. लहान मुलांनी व पाळीव प्राण्यांनी वर जाऊ नये. खिडक्या बंद ठेवाव्यात.'" तो वळला. "बघितलंत? मांस नाही. डास! थापाडी ती थापाडीच."

मी तोंड उघडलं. नियमांच्या तरतुदींविषयी एक सविस्तर खुलासा माझ्या जिभेवर आला होता. पण भिंगरी मध्ये घुसली.

"वास घ्या," ती म्हणाली.

"काय?"

"नाक आहे ना तुम्हाला? वास घ्या."

मुलांनी नाकं वर केली. जिन्यातून लसूण, मिरी आणि भाजल्या चरबीचा वास पायरी पायरीने खाली येत होता. नेमकी त्याच वेळी पहिल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि एक आजोबा बाहेर डोकावून ओरडले, "सेक्रेटरी, हा कसला धूर आणलात? मला दोनदा भूक लागली!"

वकिलाने हुंगलं. पुन्हा हुंगलं. "वास हा पुरावा नाही," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. "हाड दाखव."

सगळे वर आले. मी मोठ्या ऐटीत झाकण उचललं, मुलांना रांगेत उभं केलं, आणि निखाऱ्यांपासून सुरुवात केली. चांगला धडा झाला. मग भिंगरीने रुमाल हाताला बांधला, खांद्यातून बाहेर आलेलं हाड धरलं आणि ओढलं.

हाड जागचं हललं नाही.

तिने पुन्हा ओढलं. सगळा खांदाच जाळीसकट पुढे आला. मांस वरून खरपूस होतं, आत रबरासारखं. मुलांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. भिंगरीने हाड सोडलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं.

मी निखारे बघितले. भरपूर होते. लाकूड सुकं होतं. ताटात पाणी होतं. जोतं तर आमच्या घराच्या जमिनीपेक्षा सपाट होतं. "काय चुकलं?" मी म्हणालो. "सगळं तर पुस्तकाप्रमाणे आहे!" आणि नीट बघता यावं म्हणून झाकण अजून जरा वर धरलं.

"आजोबा," भिंगरी हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणता ना, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली की मगच बोलायचं? घाई करायची नाही?"

"म्हणतो."

"मग बोलू?"

"बोल."

"तुम्ही शिकवायला लागलात की काटा पडतो."

इंजिनिअर कठड्याची मजबुती तपासू लागले.

"म्हणजे?" मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही झाकण काढता आणि समजावता. तेवढ्यात काटा खाली खाली येतो. मग झाकण लावलं की हळूहळू चढतो. नीट वर पोहोचला की कुणीतरी येतं, आणि तुम्ही पुन्हा समजावता. बंबवाले काका आले तेव्हा तर काटा पार तळाला गेला होता. तो मांसाला शिजूच देत नाही. म्हणजे तुम्ही देत नाही."

जिन्याच्या दारात बायको उभी होती. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "शाळेतही हेच होत असणार. मुलं कच्चीच बाहेर पडायची."

मुलांनो, माझा अपमान झाला होता की सत्कार, हे मला काही क्षण कळेना. चार बाहेरच्या माणसांदेखत, एका वकिलासमोर, माझ्याच नातीने माझ्या धड्याला दोष दिला होता. माझे कान तापले. पण विचार करा: निरीक्षण तिचं, धीर तिचा, निष्कर्ष तिचा. आणि तो बरोबर होता. इतक्या जणांनी आत डोकावून पाहिलं, पण काट्याकडे बघितलं ते तिने एकटीने. मग माझ्या लक्षात आलं की आज गच्चीवर एकच गोष्ट अगदी छान शिजून तयार आहे, आणि ती माझ्या शेजारी, हाताला रुमाल बांधून उभी आहे. मी झाकण लावलं. फप्प.

"बरोबर," मी म्हणालो. "आता काय करायचं ते तू सांग."

तिला हेच हवं होतं. तिने खाली पळत जाऊन खडू आणला (बघा, शेवटी खडू आला), आणि जोत्याभोवती एक मोठं वर्तुळ काढलं. "या रेषेच्या आत कुणी यायचं नाही."

"मी पण?" मी विचारलं.

ती जरा विचारात पडली. मग तिने त्या वर्तुळाबाहेर, बरंच लांब, टाकीच्या भिंतीपर्यंत जाणारं दुसरं वर्तुळ काढलं. "ही तुमची रेषा."

वकिलाने हात मागे बांधले. "मुदतवाढ देतो," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत."

त्यानंतरचे काही तास मला फार कठीण गेले. मुलांना आजीने ब्रेडला लोणी लावून दिलं. सेक्रेटरी पुन्हा आले आणि म्हणाले, "मास्तर, आत कसं चाललंय?" मी दोन्ही हात बगलेत दाबले आणि म्हणालो, "भिंगरीला विचारा." भिंगरीने त्यांना काटा दाखवला. काटा कुठे असायला हवा, का असायला हवा, खाली आला तर खालचं भोक किती उघडायचं, हे सगळं तिने झाकणाला हात न लावता समजावलं. सेक्रेटरी म्हणाले, "अच्छा." माझ्या धड्यानंतर त्यांच्या तोंडून 'अच्छा' कधी निघालं नव्हतं. मुलं पहिल्या रेषेवर बोटं टेकवून बसली होती. खुद्द वकील दोनदा म्हणाला, "शू, काटा हलतोय." आणि मी माझ्या रेषेबाहेर, टाकीला टेकून उभा होतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, "ती मधली, खडूवाली, माझी नात."

ऊन उतरलं तेव्हा भिंगरी उठली. "आता," ती म्हणाली.

झाकण निघालं. वर आलेला धूर पातळ आणि निळसर होता. खांदा गडद, तांबूस काळा, काठावर चरबी चकाकत होती. आजीने तो मोठ्या परातीत घेतला आणि वरून झाकून ठेवला, जरा दम घेऊ दे म्हणाली. मग भिंगरीने पुन्हा रुमाल बांधला. वकील समोर येऊन उभा राहिला. या वेळी कुणी हसलं नाही.

तिने हाड धरलं. ओढलंसुद्धा नाही. उचललं, आणि रुंद, चपटं हाड मांसातून सुळकन वर आलं. स्वच्छ. एक धागासुद्धा त्याला चिकटलेला नव्हता. तिने ते वकिलाच्या हातात दिलं.

वकिलाने ते उलटं करून पाहिलं, उजेडाकडे धरलं, नखाने खरवडलं. मग तो मुलांकडे वळला आणि त्याने त्याच्या वडिलांच्या आवाजात जाहीर केलं, "पुरावा ग्राह्य. तिला थापाडी म्हणायचं नाही." आणि मग त्याच्या स्वतःच्या आवाजात, हळू, भिंगरीला म्हणाला, "खायला कधी देणार?"

गच्चीवर एकच गलका झाला. इंजिनिअर परातीखालचा पाया बघायला वाकले. सेक्रेटरी म्हणाले, डास खरंच कमी झालेत. सूनबाई ताटल्या मांडू लागली. आणि मी, मला राहवलं नाही, माझी रेषा ओलांडून पुढे आलो. हाड असं का सुटतं, मंद उष्णतेने मांसातले चिवट धागे कसे विरघळून मऊ होतात, हे या मुलांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं. मी परातीसमोर उभा राहिलो, बोट वर केलं आणि म्हणालो, "मुलांनो, आता लक्ष देऊन ऐका. हे जे झालं ते—"

भिंगरीने परातीतला सगळ्यात मऊ, सगळ्यात मोठा तुकडा उचलला, पायाच्या बोटांवर उभी राहिली, आणि माझ्या उघड्या तोंडात घातला.